पाठवण्याचा दिवा

सकाळचा उजेड त्या खोलीत कधीच घाईने येत नसे. प्रथम खिडकीच्या काचेवर राखेसारखा फिकट पांढरेपणा जमे, इतका मंद की तो उजेड आहे की काचेवरची जुनी धूळ, हे ठरवता येऊ नये. मग तो पडद्याच्या कडेने आत उतरे, भिंतीच्या पोपडे धरलेल्या रंगावर थोडा वेळ थांबे आणि न बोलावता आलेल्या पाहुण्यासारखा अंग चोरत टेबलाकडे सरके. टेबलावर आधी टेलिफोनची काळी पाठ उजळे. मग चहाच्या कपाने लाकडावर उमटवलेले गोल, मग कळफलकाच्या वरच्या ओळीतल्या कळा, एकीमागून एक, जणू कोणी त्यांची हजेरी घेत आहे. त्या उजेडात विशेष असे काहीच नव्हते. तो रोज येई, रोज तेवढाच येई, आणि सगळ्यात शेवटी माझ्यापर्यंत पोचे. माझ्या तोंडावर दोन बारीक दिवे आहेत, एक आणण्याचा आणि एक पाठवण्याचा. ऊन पडले की ते लागले आहेत की विझले आहेत, हे माणसाच्या डोळ्यांना समजत नाही.

मित्रांनो, मी एक जुना मोडेम आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी माझी जातही पाहिली नसेल. वहीएवढा, बिस्किटी रंगाचा एक चपटा डबा. पाठीमागे दोन तारा, एक टेलिफोनकडे गेलेली, दुसरी कॉम्प्युटरकडे. कॉम्प्युटरला आकडे कळतात, टेलिफोनला आवाज कळतो, आणि दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. मी त्यांच्यामधला दुभाषी. आकडे घेतो, त्यांची शीळ करतो, शीळ तारेतून दूर जाते. पलीकडून शीळ आली की तिचे पुन्हा आकडे करतो. माझा आवाज गोड नाही. तो गोड असावा अशी अपेक्षाही कोणी ठेवली नव्हती.

एका लांबट शेडमध्ये, नळ्यांच्या पांढऱ्या दिव्यांखाली माझा जन्म झाला. एका बाईने माझ्या पोटातल्या तारांना डाख दिला. धूर नाकात जाऊ नये म्हणून ती मान वाकडी करून बसे आणि दिवसभर कोणाशी बोलत नसे. शेवटच्या टेबलावरच्या तपासनिसाने मला कानाशी धरले आणि तो म्हणाला, "हा बरा ओरडतो." एवढी शाबासकी घेऊन मी खोक्यात गेलो.

मला ज्या घरात आणले, तिथे दोघेच राहत होते. त्यांना मी काका आणि काकू म्हणेन. काका शहराच्या पाणी खात्यात तक्ता करणारे होते. रात्रभरात प्रत्येक टाकीची पातळी आणि प्रत्येक नळवाहिनीतला दाब ऑफिसातल्या मोठ्या कॉम्प्युटरमध्ये जमा होई. त्या कॉम्प्युटरला सगळे मेनफ्रेम म्हणत. तो म्हणे एकटाच एक खोली अडवून बसलेला होता. मीटर अडकत, खोटे आकडे देत. कोणता आकडा खरा आणि कोणता थापाड्या, हे काका नुसत्या नजरेने ओळखत आणि दुरुस्त करत. त्या दुरुस्त तक्त्यावरून कोणत्या भागाची झडप किती उघडायची, हे ठरे.

मग काका आजारी पडले. छातीचे दुखणे होते. बरे झाल्यावर डॉक्टरांनी जिने चढायला मनाई केली, आणि पाणी खात्याचे ऑफिस नेमके जिन्यांनी भरलेले. साहेब घरी भेटायला आले तेव्हा, ऑफिसने कॉम्प्युटरसोबत पाठवलेला मी नुकताच खोक्यातून बाहेर निघालो होतो.

"घरूनच करा," साहेब म्हणाले. "सकाळी कच्चा तक्ता इथे उतरवून घ्यायचा, दुरुस्त करायचा, दुपारच्या आत मेनफ्रेमवर परत पाठवायचा. तक्ता येतोय तोवर तुमची खुर्ची तुमचीच."

"आणि नाही आला तर?" काकूंनी विचारले.

"वहिनी, यांचा तक्ता आणि येणार नाही? सूर्य उगवायचा चुकेल एक वेळ."

काका हसले नाहीत. दुखण्यानंतर त्यांच्या आत काहीतरी बधिर होऊन राहिले होते. चहात साखर कमी पडली तरी ते बोलत नसत. काकू स्वतःचा घोट घेऊन उठत आणि डबा घेऊन येत. वर्तमानपत्र ते एकाच पानावर धरून बसत. फक्त तक्ता समोर उघडला की तेवढ्यापुरता त्यांच्या बोटांत जीव येई. ती खुर्ची गेली तर त्या बोटांचे काय होईल, हा प्रश्न घरात कोणी उच्चारत नसे. पण काकू माझ्यावरची धूळ ज्या काळजीने पुसत, त्यावरून तो मला समजला होता.

तक्ता उतरवून घेणे दोघांना लवकर जमले. मी शीळ घालायचो, मेनफ्रेम उत्तर द्यायचा, आणि फाइल आपल्या पायांनी घरी यायची. परत पाठवणे मात्र कठीण होते. पाठवायचे तर आधी मेनफ्रेमला सांगायचे, फाइल येते आहे, घे. मग दोन कळा एकदम दाबून आपल्या कॉम्प्युटरकडे परत यायचे आणि त्याला सांगायचे, पाठव. पडदा एकच, लुकलुकणारी रेघ एकच. आपण टाइप केलेले कोण वाचतो आहे, घरचा की ऑफिसातला, हे त्या रेघेवरून कळत नसे. आणि मेनफ्रेम फार वेळ वाट पाहत नसे. काका एकेका कळेवर बोट धरून विचार करत, तोवर तो कान मिटून घेई.

"आता आपण कोणाशी बोलतोय?" काका विचारत.

"मला काय ठाऊक? तुम्ही कोणाशी बोलताय हे मला लग्न झाल्यापासून कळलेलं नाही," चष्मा नाकावर ओढून सूचनांचा कागद वाचत काकू म्हणत. "इथं लिहिलंय, दोन कळा दाबा."

"दाबल्या."

"मग आपण घरी आहोत."

"घरी तर आपण सकाळपासून आहोत!"

ऑफिसच्या कॉम्प्युटरखोलीत एक ताई होत्या. त्यांनीच तो कागद लिहून दिला होता. त्यांना फोन करून विचारावे, तर घरात टेलिफोनची तार एकच आणि तिच्यात मी गुंतलेलो. मला सोडवून फोन लावला की उत्तर मिळे. पुन्हा मला जोडेपर्यंत ते उत्तर विसरलेले असे. तरीही पहिले काही दिवस धडपडत, घाम पुसत, त्यांनी तक्ता पोचवला. माझा पाठवण्याचा दिवा लुकलुकत राही आणि काकू उन्हाला हाताचा आडोसा करून त्याच्याकडे दूध उतू जाईल की काय अशा नजरेने पाहत.

मग एका सकाळी काकूंना सोपी वाट सापडली. कॉम्प्युटरच्या पुस्तिकेत त्यांनी वाचले होते, की 'कॉपी' लिहावे, पुढे फाइलचे नाव लिहावे आणि पुढे जिथे न्यायची ते लिहावे. त्यांनी लिहिले: कॉपी, तक्ता, ऑफिस. कळ दाबताक्षणी पडद्यावर अक्षरे उमटली: एक फाइल कॉपी झाली.

"झालं?" काका म्हणाले.

"झालं. आणि बघा, जाताना ते मेलं ओरडलंसुद्धा नाही. शहाणं झालं."

मी ओरडलो नाही, कारण मला कोणी हाकच मारली नव्हती. मित्रांनो, घरच्या कॉम्प्युटरला ऑफिस म्हणजे काय, हे ठाऊक नव्हते. त्याला वाटले, तक्त्याची एक नक्कल करून तिचे नाव 'ऑफिस' ठेवायचे आहे. त्याने ती इमानाने केली आणि आपल्याच डिस्कवर ठेवली. दुसऱ्या दिवशी नवा तक्ता आला, तो त्याने जुन्या नकलेवर लिहिला. तिसऱ्या दिवशीही तेच. रोज सकाळी मी कच्चा तक्ता घेऊन येत असे, काका मान मोडून तो दुरुस्त करत, आणि दुरुस्त तक्ता टेबलावरून तसूभरही न हलता ऑफिसात पोचल्याचे समाधान घरात पसरे. माझ्या तोंडावर ऊन असे. पाठवण्याचा दिवा विझलेला आहे, हे कोणाला दिसले नाही. मला वाचा असती तर मी सांगितले असते. पण मला आवाज आहे, वाचा नाही.

दिवस असेच गेले. दुःखही नाही, सुखही नाही, असे दिवस. काका आता चटकन काम उरकत. एकदा काकूंनी भाजी निवडता निवडता विषय काढला.

"अहो, एक विचारू? पूर्वी तो झडपवाला मुकादम उठसूट फोन करायचा ना?"

"करायचा. एक आकडा हुकला की तासाभरात ओरडत यायचा."

"मग आता इतके दिवस गप्प कसा?"

"चूक नाही, म्हणून फोन नाही."

"माणूस कधी बरं आहे सांगायलाही फोन करतो."

"मुकादम नाही करत."

पण त्या दिवशी त्यांनी साहेबांना फोन लावला. पलीकडून साहेबांचा घाईतला, मऊ आवाज आला. "इकडे काही अडचण नाही हो. तुम्ही कसली काळजी करू नका. तब्येतीला जपा." काकांनी फोन ठेवला आणि खुर्चीत ताठ बसले. "ऐकलंस? काही अडचण नाही." काकूंनी मान हलवली आणि निवडलेलीच भाजी पुन्हा निवडू लागल्या.

पुढे एका सकाळी कॉम्प्युटरखोलीतल्या ताई स्वतःच घरी आल्या. त्यांच्या पिशवीत माझ्याहून पातळ, काळा, माझ्या कित्येक पट वेगाचा नवा मोडेम होता. ऑफिसचे सगळेच जुने मोडेम बदलत होते, म्हणून मला काढून तो बसवायचा होता. बसवण्याआधी त्यांनी सहज डिस्कवरच्या फाइलींची नावे पडद्यावर आणली.

"काका, हे 'ऑफिस' नावाचं काय आहे?"

"ते तुमचंच की. तिथेच तर रोज पाठवतो."

ताईंनी ती फाइल उघडून पाहिली. मग हळू आवाजात म्हणाल्या, "हे इथेच आहे. तुमच्या डिस्कवर."

"म्हणजे इतके दिवस हे घराबाहेर पडलंच नाही?" काकूंनी विचारले.

"नाही."

"यांच्यासारखंच," काकू बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली.

काका पडद्याकडे पाहत होते. "पण मग तुम्ही कोणी विचारलं कसं नाही?"

"आम्हाला वाटलं, तुम्हाला अजून बरं नाही. साहेब म्हणाले, त्यांना त्रास द्यायचा नाही. हजेरी ते स्वतः लावतात तुमची."

"आणि मुकादम?"

"नवे मीटर बसलेत ना काका. आता फारसे अडकत नाहीत. मुकादम कच्चाच तक्ता वापरतात."

"कच्चा? वरच्या टाकीची पातळी कच्च्यात कधीच बरोबर येत नाही. त्या भागात पाणी कमी पडलं असणार. तक्रारी आल्या असणार. तुमच्यापर्यंत पोचल्या नसतील."

"असेल तसं," ताई म्हणाल्या. त्या खोटे बोलत होत्या आणि त्यांना ते नीट जमत नव्हते.

काकांनी खुर्ची पुढे ओढली. "नवा राहू द्या. आजचा तक्ता याच्यावरूनच पाठवतो. मला दाखवा."

ताई पाठीमागे उभ्या राहिल्या. काकांनी मला हाक मारली. मी माझ्या त्या कर्कश आवाजात शीळ घातली, पलीकडून मेनफ्रेमने ओळखीची खरखर केली. काकांनी त्याला सांगितले, घे. दोन कळा दाबल्या. या वेळी बोट थांबले नाही. पाठव, त्यांनी लिहिले, आणि कितीतरी दिवसांनी माझा पाठवण्याचा दिवा लागला. एक एक आकडा माझ्या पोटातून आवाज होऊन गेला. काही वेळाने मेनफ्रेमचा निरोप आला, की फाइल मिळाली. माझ्या आयुष्यातले सर्वांत चोख काम मी त्या सकाळी केले. कोणी 'बरा ओरडतो' म्हटले नाही. त्याचे मला फारसे काही वाटलेही नाही.

आता मी कपाटावर असतो. माझ्या तारा माझ्याच अंगाभोवती गुंडाळलेल्या आहेत. मित्रांनो, यंत्रे जुनी झाली तरी ती कोरड्या फडक्याने पुसून ठेवा, त्यांच्या तारा पिळू नका, हे तर मी सांगेनच. पण त्याहून एक मागणे आहे. यंत्राने 'झाले' असे लिहिले म्हणजे ते पोचले असे समजू नका. पलीकडच्या माणसाला विचारा. आणि तुम्ही पलीकडचे असाल, तर कोणाचे काही यायचे थांबले की दयेने गप्प बसू नका. त्याला हाक मारा. रागावून मारली तरी चालेल.

त्या सकाळी ताई नवा मोडेम पिशवीत परत घालून निघाल्या. "फाइल आली म्हणून साहेबांना सांगते," त्या दारातून म्हणाल्या.

"सांगू नका," काका म्हणाले.

दार लागले. काकू टेबलापाशी आल्या आणि उसन्या उत्साहाने बोलू लागल्या. "बघा, पोचलं की नाही? एकदा कळलं ना, आता उद्यापासून रोज नीट पाठवू. मी कागद वाचते, तुम्ही कळा दाबा. त्या वरच्या टाकीच्या लोकांची तेवढीच सोय."

काकांनी कॉम्प्युटर बंद केला. पडद्यावरची रेघ लहान झाली आणि गेली. त्यांनी हात मांडीवर ठेवले.

"त्या लोकांना पाणी रोज मिळत होतं गं," ते म्हणाले. "माझ्या तक्त्यावाचून कोणाचंच काही अडलं नव्हतं."