फौजींची यादी

एस.टी. चारला सुटणार, पावणेचार वाजलेले, आणि शरयूबाई अजून माझ्या कागदांवर हळद-कुंकू लावत बसलेल्या! त्या सांगलीच्या आमच्या कॉलेजात गणित शिकवायच्या, मी त्यांच्या हाताखाली. सत्त्याहत्तर साल. कॉम्प्युटर मुंबईत. माझा प्रोग्रॅम आमच्या गावच्या घराघरांची माहिती घेऊन याद्या काढणारा. प्रोग्रॅमच्या भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा एस.टी.नं पाठवायचा, उत्तर आठ दिवसांनी. ही शेवटची पाळी होती. प्रोग्रॅम चालला तर मुंबईत संशोधनाची जागा, न्हाई तर हाय घरचा ऊस.

प्रोग्रॅमची लिस्प भाषा कुठं आकडा हाय, कुठं यादी, ते आधी इचारत न्हाई. चुकलं तर चालता चालता कळतं. बाईंना हे बिलकूल पटायचं न्हाई. आकडा देणाऱ्या फंक्शनपुढं हळदीचं बोट, यादी देणाऱ्यापुढं कुंकवाचं, आणि मग एकाचं उत्तर पुढच्याला चालतंय का, अशी एकेक जोडी ताडून बघायच्या.

"आवं बाई, दहा घरं मी हातानं सोडवून बघितली की!"

"लग्न लागल्यावर देवक विचारतात का, हंबीरराव?" त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. "हे बघा. घरातल्या फौजींची यादी द्यायची. कुणी नसलं तर तुम्ही शून्य देताय. पुढचं फंक्शन यादीतलं पहिलं नाव मागतंय. शून्यातून नाव कुठून काढणार ते? तिथं रिकामी यादी द्या."

माझं टाळकंच सरकलं. "बाई, आमचं गाव फौजेचं हाय. फौजी न्हाई असं एक घर दाखवा! आमच्यात माझा थोरला भाऊ सयाजीदादा हाय. कुणाची यादी रिकामी असणार?"

गावातले फॉर्म बाईंनीच भरून आणलेले, त्यांची कार्डंही त्यांनीच केलेली. आमच्या घरी आईपाशी बसून चहासुद्धा घेतलेला. त्यांनी बोट त्या ओळीवरच ठेवलं.

"एकच कार्ड बदलायचंय," हळूच म्हणाल्या.

"एस.टी. चुकंल!" मी गठ्ठा उचलला आणि स्टँडकडं पळालो.

आठ दिवस अन्न गोड लागलं न्हाई. पुडकं आलं तवा तिथंच फाडून उघडलं. अठ्ठेचाळीस घरं झकास निघाली. एकोणपन्नासाव्याला गाडी अडली, खाली नुसता कोरा कागद.

जागा गेली. लय शिव्या घातल्या मी स्वतःला. मग त्या घराचा फॉर्म हुडकून काढला.

आमचंच घर. आपल्या घरचा फॉर्म काय वाचायचा, म्हणून मी तो उघडलाच नव्हता. 'सध्या फौजेत कोण?' पुढं बाईंच्या अक्षरात, आईनं सांगितलेलं: कोणी नाही.

सयाजीदादा एकाहत्तरच्या लढाईत कामी आला. सहा वर्षं मी त्याला घरात धरत आलो. आईनं कवाच सोडलं होतं.