दुखतं म्हणायची चोरी

सकाळी सात वाजता नुबिया नवऱ्याच्या पायात मोजे घालत होती. गेली दोन वर्षे हे काम तिच्याकडे होते, कारण आर्सेसिओला वाकता येत नव्हते. आणि वाकता येत नाही हे सांता रुफिना गावात कुणाला कळता कामा नये, म्हणून आधी रस्त्याकडची खिडकी लावायची, मग मोजे घालायचे, असा त्या घरचा शिरस्ता पडून गेला होता. त्या दिवशी तिने डावा पाय मांडीवर घेतला आणि तिचा हात थांबला. तळपायात एक बारीक खिळा पार डोक्यापर्यंत रुतलेला होता.

"हा कधी घुसला?"

"कोण?"

"कोण काय, खिळा. तुझ्या पायात खिळा आहे, आर्सेसिओ."

आर्सेसिओ वेलास्को सुतार होता, खुर्च्या करायचा. खिळा त्याच्याच दुकानातला होता. त्याने मान लांबवून बघायचा प्रयत्न केला, पण कमरेतून कळ निघाली तसा तो पुन्हा ताठ बसला. "काल दुकानात लागला असेल."

"लागला असेल? तुला कळलं नाही?"

"हळू बोल. समोर पुरिफिकासिओन अंगण झाडतेय."

नुबियाने पक्कड आणून खिळा उपसला. रक्ताचा थेंब आला, पण आर्सेसिओच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. धीर धरून तो गप्प बसला असता तर एक वेळ बरे होते. त्याला खरोखरच काही कळले नव्हते. दोघांनी एकमेकांकडे पाहिले, आणि मग त्याने मक्याची भाकरी झाली का म्हणून विचारले.

कपाटातल्या चादरींखाली इस्पितळाचे पत्र होते. लाकूड बघायला जातो असे सांगून तो महिन्यापूर्वी शहरात जाऊन आला होता. मणक्यातली गादी सरकून नस चेपली आहे, पाय लुळा पडायच्या आत ऑपरेशन करायला हवे, असे डॉक्टर साल्सेदोबाईंनी सांगितले होते आणि तारीखही दिली होती. मंगळवार, गुड फ्रायडेच्या तीन दिवस आधीचा.

"गुड फ्रायडे होऊ दे, मग बघू," आर्सेसिओ म्हणाला.

"मग ऑगस्टपर्यंत त्यांच्याकडे जागा नाही. बाईंनी तुला दोनदा सांगितलं. आज खिळा घुसलाय. उद्या करवत घुसली तरी तू मला भाकरीच मागशील."

आता या गुड फ्रायडेची गोष्ट सांगितली पाहिजे. सांता रुफिनात त्या दिवशी मृत प्रभूची मूर्ती काचेच्या पेटीत ठेवून मिरवतात. पेटी, तिच्याखालचे कोरीव लाकडी मखर, चांदीचे दिवे, सगळे मिळून अर्धा टन भरते. ते आठ खांदेकरी दांड्यांनी खांद्यावर उचलतात आणि चढउताराच्या गल्ल्यांतून पाच तास नेतात. दांडीखालची एकेक जागा एकेका घराण्याची असते, आणि पुढची डावी जागा चार पिढ्या वेलास्कोंची होती. खांद्यावर पडलेला घट्टा ही त्या गावात पुरुषाची इभ्रत. लग्न जमवताना मुलाचा घट्टा बघायला मागणारे सासरे मी स्वतः पाहिले आहेत. या कामाची सक्ती मात्र कुणी कुणावर करीत नाही. सक्तीची गरजच पडत नाही, अशी गावाने सोय करून ठेवली आहे.

ती सोय अशी. ज्याला ओझे झेपत नाही त्याने तोंडाने तसे सांगून सुटका मागायची. याला तिकडे 'काकाव मागणे' म्हणतात, आणि मिरवणुकीत मागितला काय किंवा आधी मागितला काय, नामुष्की तितकीच. दुसऱ्या दिवशी सकाळी गावकरी त्याच्या उंबऱ्यावर काकावची म्हणजे चॉकलेटची एकेक वडी ठेवून जातात. रोज न्याहारीला दुधात उकळतात तीच साधी वडी. घराण्याची जागा दुसऱ्याला जाते ती कायमची. या वड्यांना कुणी छळ म्हणत नाही, सगळे गंमत म्हणतात. गंमत म्हटले की कुणाला जाब विचारता येत नाही, आणि ठेवणारा घरी जाऊन निवांत जेवतो.

आर्सेसिओची आई, दोन्या इस्मेनिया, आणि दुकानात बापाच्या हाताखाली काम करणारा मुलगा दुवान त्याच घरात राहत होते. पवित्र आठवडा जवळ आला की म्हातारी रोज लेकाच्या खांद्याला चरबी चोळायची. हातभर खाली, जिथे खरी कळ होती, तिथे तिचा हात कधी गेला नाही.

"तुझे वडील निमोनियात उभे राहिले होते दांडीखाली," ती त्या सकाळी म्हणाली. "हूं की चूं केलं नाही."

"आणि मे महिन्यात गेले," नुबिया भांडी घासता घासता म्हणाली.

"मानाने गेले."

"गेले तर खरे."

शनिवारी दुपारी नुबियाने सुपाचे भांडे फडक्यात बांधले आणि नवऱ्याला म्हणाली, "चल माझ्याबरोबर."

"कुठे?"

"लिबोरिओकडे. मी दर शनिवारी जाते. अकरा वर्षं झाली."

आर्सेसिओला वाटायचे, ती शनिवारी बहिणीकडे जाते. लिबोरिओ चांत्रे म्हणजे त्याच्या मागचा खांदेकरी. अकरा वर्षांपूर्वी बाजाराच्या चढावर त्याने काकाव मागितला होता. त्याची बेकरी होती, ती वर्षभरात बसली, कारण त्याच्याकडून पाव घ्यायला गेले की लोकांना हसू आवरत नसे आणि मग त्यांनी जाणेच सोडले. आता तो ओढ्यापलीकडे राहत होता. आर्सेसिओ अकरा वर्षांत तिकडे फिरकला नव्हता, आणि त्याला तसेच कारण होते.

लिबोरिओ दारातच दोर वळत बसला होता. शेजारी कुबड्या होत्या आणि डावा पाय काठीसारखा वाळलेला. त्याने आर्सेसिओला आपादमस्तक न्याहाळले.

"या, पुढची डावी. बाकावर बसू नकोस, उठताना पंचाईत होईल. ती उंच खुर्ची घे."

"मला काय झालंय?" आर्सेसिओ म्हणाला.

"आत येताना चौकट धरलीस. मीही धरायचो. लोकांना वाटायचं, लिबोरिओ ऐटीत उभा राहतो."

नुबिया सूप गरम करायला आत गेली. आर्सेसिओ हातातली टोपी फिरवत म्हणाला, "त्या वर्षी, लिबोरिओ, तुझ्या दारात..."

"सतरा वड्या होत्या. बायकोने मोजल्या. तुझी कुठली ते मला ठाऊक नाही, आणि आता सांगू नकोस. सांगितलंस तर नुबियाचं सूप मला गोड लागायचं नाही."

आर्सेसिओने टोपी गुडघ्यावर ठेवली.

"पण एक ऐक," लिबोरिओ म्हणाला. "मखराने माझी नस दाबली होती, एवढंच. ती सुटली असती. पण मी चार महिने घराबाहेर पडलो नाही. शहराची बस पकडायची म्हणजे चौकात उभं राहायचं, आणि चौकात सगळे. रात्रंदिवस इथे पडून राहिलो. शेवटी गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाला, पहिल्या आठवड्यात का नाही आलात? काय सांगू त्याला? दारात चॉकलेट होतं म्हणून?"

तो हे हसत सांगत होता. आर्सेसिओला मात्र मेल्याहून मेल्यासारखे झाले. आपल्या कमरेची लाज त्याला दोन वर्षे वाटत होती. आपल्या हाताची लाज त्याला त्या दिवशी पहिल्यांदा वाटली. वडी ठेवताना तो शीळ घालत होता, तेही त्याला आठवले.

परतताना ओढ्याच्या पुलावर तो नुबियाला म्हणाला, "उद्या सांगतो सगळ्यांना."

रविवारी, पवित्र आठवड्याच्या पहिल्या दिवशी, चर्चमध्ये झावळ्यांना आशीर्वाद मिळाल्यावर, खांदेकरी चर्चमागच्या दालनात जमले. घरातल्या बायका रिवाजाप्रमाणे दाराशी उभ्या राहिल्या. मुख्य खांदेकरी डॉन लाउरेआनो हा मनाने चांगला माणूस होता. गावातल्या निम्म्या मुलांचा तो धर्मपिता होता, आणि लिबोरिओची बेकरी बसली तेव्हा तो हळहळलाही होता. तो एकेक नाव घेई आणि ज्याचे नाव येई तो "उभा" म्हणून उत्तर देई.

"आर्सेसिओ वेलास्को."

आर्सेसिओने तोंड उघडले. रात्रभर घोकलेले वाक्य जिभेवर होते. समोर सात माणसे त्याच्याकडे बघत होती, त्यांतल्या चौघांबरोबर तो अकरा वर्षांपूर्वी वडी ठेवायला लिबोरिओच्या दारात गेला होता. दाराशी आई उभी होती.

"यंदा माझ्या जागी दुवान उभा राहील," तो म्हणाला. "शहरात मोठं काम आलंय. मंगळवारीच निघावं लागतंय."

टाळ्या पडल्या. मुलाला दांडीखाली उभे करण्यासारखा बापाला दुसरा मान नाही. दोन्या इस्मेनियाने डोळे पुसले. नुबिया मात्र नवऱ्याकडे अशी बघत राहिली की त्याने नजर भिंतीकडे वळवली. स्वतःची लाज झाकायला त्याने पोटचा मुलगा पुढे केला होता. आणि हे करायला त्याला क्षणभरही विचार करावा लागला नाही, हेच जास्त वाईट.

वीस वर्षांचा दुवान लाजत हसत पुढे आला. सरावासाठी मखर उचलायचे ठरले. आठ जण दांड्यांखाली गेले आणि आर्सेसिओ बाजूला उभा राहून बघू लागला. दुवानने आधी दांडीला हात दिला, मग उजवा गुडघा वाकवला. डावा पाय त्याने टाच न उचलता फरशीवरून सरकवत आणला आणि गालाचे मांस आतून दाताखाली धरले. बाकी कुणाला काही दिसले नाही. आर्सेसिओला सगळे दिसले, कारण ही प्रत्येक चोरटी हालचाल त्याची स्वतःची होती.

तो मुलाजवळ गेला. "दुवान, डाव्या पायात काही होतंय?"

"काही नाही, बाबा. हळू बोला."

"कधीपासून?"

"डिसेंबरपासून. दुकानात फळ्या उतरवताना काहीतरी लचकलं. मुंग्या येतात. जाईल."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही कुठे कुणाला सांगता?"

डॉन लाउरेआनोने 'उचला' म्हणायला हात वर केला होता. आर्सेसिओने दांडी धरली.

"थांबा. उचलू नका. मी काकाव मागतो."

कुणाला वाटले थट्टा आहे. एकजण फिसकन हसला.

"शहरात मला काहीही काम नाही," आर्सेसिओ म्हणाला. त्याचा आवाज चिरकत होता. "खोटं बोललो. मंगळवारी माझ्या कमरेचं ऑपरेशन आहे. दोन वर्षं मला मोजे घालता येत नाहीत, बायको घालते. पोराचीही कंबर गेलीय आणि तरी मी त्याला इथे उभा करत होतो. तो उचलणार नाही. मीही नाही."

डॉन लाउरेआनो जवळ आला आणि काळजीने म्हणाला, "आर्सेसिओ, बाहेर जाऊन बोलू. बायका ऐकतायत."

"ऐकू देत. लिबोरिओच्या दारात मी वडी ठेवली होती, तेही ऐकू देत. इनोसेन्सिओ, तू होतास. फाउस्तो, तूही. त्या पायाने तो अकरा वर्षं बसून आहे."

इनोसेन्सिओ बुटाकडे बघू लागला. फाउस्तो म्हणाला, "अरे, ती गंमत होती." दोन्या इस्मेनिया लेकाकडे न बघता निघून गेली. आर्सेसिओ मुलाचा दंड धरून दारापर्यंत पोचला, तोवर मागे पुढच्या डाव्या जागेसाठी दोन हात वर झाले होते. शूर झाल्यासारखे त्याला मुळीच वाटले नाही. भर बाजारात कपडे उतरवल्यासारखे वाटले, आणि त्याच अवस्थेत त्याने चौक ओलांडला.

मंगळवारी सकाळी इस्पितळात डॉक्टर साल्सेदोबाईंनी त्याचा तळपाय सुईने टोचून पाहिला. एकदा, दोनदा, पाच ठिकाणी.

"इथे काहीच कळत नाही? गेल्या वेळी तुम्ही म्हणालात, थोडं अवघडतं."

"हो."

"किती दिवस झाले कळत नाही?"

"वर्ष. वर्षाहून जास्त."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"लाज वाटली."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ऑपरेशनने दुखणे कमी होईल, त्या म्हणाल्या, पण पायातली जाणीव परत येईलच असे सांगता येत नाही. वर्षापूर्वी आला असतात तर सांगता आले असते. आर्सेसिओने कागदावर सही केली. नुबियाने त्याचा कोट हातात घेतला.

"बाई, आधी याला तपासा," आर्सेसिओ म्हणाला आणि दुवानला पुढे केले.

बाईंनी त्याला पालथे झोपवले. मणक्यावरून अंगठा खाली नेत त्या एका जागी थांबल्या आणि दाबले. दुवानचे सगळे अंग ताठ झाले.

"इथे दुखतं का?"

मिशी फुटलेला, उंचापुरा वीस वर्षांचा माणूस. त्याने मान वळवली आणि बाईंकडे न बघता आधी बापाच्या तोंडाकडे पाहिले. तो परवानगी मागत होता. रविवारी सगळ्या दालनापुढे आर्सेसिओ इतका शरमला नव्हता.

"सांग," तो म्हणाला. "सांग, बाळा."

"दुखतं," दुवान म्हणाला, पण इतक्या हळू की बाईंना पुन्हा विचारावे लागले.