दुकानाची दुसरी प्रत

धाकटी जाऊ पार्सलं घेऊन जिना उतरली तशी थोरलीने आतून कडी लावली. खिडकीतून ती वळणापलीकडे दिसेनाशी होईपर्यंत पाहिलं आणि मगच वेबसाइटच्या कंपनीच्या हेल्पलाइनचा नंबर फिरवला.

"आमची दुकानाची वेबसाइट आहे," ती दबक्या आवाजात म्हणाली. घरात कोणी नव्हतं, तरीही. "लहान मुलांचे कपडे विकतो. मला एवढंच सांगा, समोर ज्या ऑर्डरी दिसतात त्या येतात कुठून?"

"डेटाबेसमधून, मॅडम. सगळी माहिती साठवलेली असते तिथून."

"आणि कोणी ती मधल्यामधे काढून घेतली तर?"

पलीकडची मुलगी म्हणाली, "खातं तुमच्या नावावर आहे ना? मग तुम्हीच उघडून बघा की."

खातं थोरलीच्याच नावावर होतं. शिवणकाम तिचं, पहिली मशीन तिची. धाकटी लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिला सुईत दोरासुद्धा धड ओवता येत नव्हता. पण दोघी जावांचं हे दुकान इंटरनेटवर नेलं ते धाकटीने. "ताई, तुम्ही फक्त शिवा, बाकीचं मी बघते," असं ती म्हणाली होती. त्या 'बाकीचं'मध्ये काय काय मावतं, याचा थोरली अलीकडे फार विचार करायची.

सुरुवात एका फोनने झाली. कुणा बाईने विचारलं, परत पाठवलेला निळा फ्रॉक पोचला का? थोरलीने कॉम्प्युटरवर पाहिलं, तर असा फ्रॉक परत आल्याचा मागमूसही नव्हता. "चुकून लागला असेल नंबर," धाकटी म्हणाली खरी, पण पुढचं बोलणं तिने फोन स्वयंपाकघरात नेऊन केलं. तेव्हापासून थोरली पाळतीवर राहिली. आपण संध्याकाळी बंद केलेल्या पाकिटांवर सकाळी दुसरीच चिकटपट्टी दिसायची. दुपारी जरा डोळा लागला की धाकटीच्या बंद खोलीतून मशीनची घरघर ऐकू यायची. विचारलं तर म्हणे उशांचे अभ्रे शिवत होते. एवढे अभ्रे घालायला घरात उशा तरी हव्यात!

नवऱ्याच्या कानावर घातलं, तर त्याने पेपरातून डोकंही वर काढलं नाही. "घरात चोर शोधत बसू नकोस," एवढंच म्हणाला. पण थोरलीचा हिशेब पक्का झाला होता. धाकटी आतल्या आत स्वतःचं दुकान थाटत होती. माल थोरलीचा, गिऱ्हाइकं थोरलीची, नाव उद्या धाकटीचं.

"मॅडम, तुमच्या खात्यात दुकानाच्या वेबसाइटच्या दोन प्रती दिसतात," हेल्पलाइनवरची मुलगी म्हणाली. "एक गिऱ्हाइकांना दिसते ती. दुसरी कोणीतरी नंतर करून ठेवलीय. तुम्ही रोज कोणती उघडता?"

थोरलीने पडद्यावरचा पत्ता एकेक अक्षर करत वाचून दाखवला.

"ही दुसरी."

"म्हणजे मी रोज बघते ते दुकान खोटं?"

"खोटं नाही हो, प्रत. तिचा डेटाबेस वेगळा आहे. त्यात कोणीतरी निवडून माहिती भरत असणार."

 थोरलीला पैज जिंकल्यासारखं काहीतरी वाटलं. तिने खुर्ची पुढे ओढली.

"मला खरं दुकान बघायचंय. सांगा कसं ते."

मुलगी सावकाश सांगत गेली. सेटिंगची फाइल उघडायची, पण आधी तिची एक प्रत बाजूला काढून ठेवायची. आत डेटाबेसच्या नावाची ओळ असते. तिथे खऱ्या दुकानाच्या डेटाबेसचं नाव टाकायचं. बाकीच्या ओळी दोन्हीकडे सारख्याच, त्यांना हात लावायचा नाही. थोरलीने चष्मा पुसला, पडद्याला नाक लागेल इतकी वाकली आणि नाव टाइप करून पान पुन्हा उघडलं.

डेटाबेसशी संपर्क होऊ शकला नाही, असं उमटलं. बाकी सगळं पान कोरं.

"अगं बाई, गेलं की काय सगळं?"

"काही जात नाही. एखादं अक्षर चुकलं असेल, नीट बघा."

अक्षरं एकमेकांवर चढत होती. तिने पडद्यावर बोट ठेवून ती एकेक वेगळी केली. एक अक्षर दोनदा पडलं होतं. ते पुसलं आणि दुकान उघडलं.

ती आधी ऑर्डरींवर तुटून पडली. सगळ्या ओळखीच्या होत्या. तिने वरपासून खालपर्यंत पुन्हा पाहिलं. एकही जास्तीची नव्हती, एकही दुसऱ्या नावाने गेलेली नव्हती. जास्त होतं ते खाली. परत आलेला माल. तिच्या प्रतीत ही जागा कायम रिकामी असायची.

त्याखाली गिऱ्हाइकांनी लिहिलं होतं. काजं इतकी लहान की बटणं शिरत नाहीत. एक बाही लांब, एक आखूड. शिवण पहिल्याच धुण्यात उसवली. एका बाईने फक्त एवढंच लिहिलं होतं, की पूर्वी तुमच्याकडची शिलाई किती सुरेख असायची.

आणि प्रत्येकीला धाकटीचं उत्तर होतं. चूक माझ्या हातून झाली, मी अजून शिकतेय, दुसरा शिवून पाठवते.

थोरलीने मांडीवरचा शर्ट उचलला. सकाळीच केलेल्या काजात बटण घालून पाहिलं. अंगठ्याने रेटून पाहिलं. बटण शिरलं नाही.

"मॅडम? सापडलं का? काही गहाळ झालंय?"

"नाही." तिने शर्ट पुन्हा मांडीवर ठेवला. "सगळं जागच्या जागी आहे. ती बाजूला काढलेली फाइल परत कशी ठेवायची, तेवढं सांगा."

दारावर थाप पडली तेव्हा पडद्यावर रोजचं दुकान होतं.

"कडी का लावलीत, ताई?"

"वाऱ्याने दार आपटत होतं."

बाहेर झाडाचं पानही हलत नव्हतं. धाकटीने खिडकीकडे पाहिलं, मग कॉम्प्युटरकडे.

"अगं," थोरली शर्टाची घडी घालत म्हणाली, "उद्यापासून शिवायचं सगळं तू घे. मी नुसतं बेतून देत जाईन. मला कंटाळा येतो हल्ली."

धाकटी चपला काढता काढता थांबली. एवढ्या वर्षांत थोरलीला शिवणाचा कंटाळा आल्याचं कोणी ऐकलं नव्हतं.

"बरं ताई," ती म्हणाली.

का, असं तिने विचारलं नाही.