बी ९७चा जुना फाटा

टालिंडा या आडगावात बराच काळ नर्स नव्हती. म्हणून मेव्ह टोलहर्स्ट नावाची मुलगी यायला तयार झाली, तेव्हा टपाल कचेरी सांभाळणाऱ्या ग्लेनिस हॅरपने दवाखान्यामागचं घर स्वतः झाडून काढलं, मेंढीची मांडी ओव्हनमध्ये भाजायला ठेवली आणि वाट पाहत बसली.

मेव्ह आली नाही. फोनही लागेना.

"पळाली असणार," गावचा पोलीस कॉल्म म्हणाला. "मागची नर्स निदान पेट्रोल पंपापर्यंत तरी आली होती."

ग्लेनिसलाही तेच वाटलं. रागाच्या भरात तिने मटण कुत्र्यांना घातलं. मेव्हच्या आईचा फोन आला तेव्हा कुठे शोध सुरू झाला. तोवर आठवडा सरत आला होता.

गाडी जुन्या रस्त्यावर, नाल्यात सापडली. तिथला पूल पुरात केव्हाच वाहून गेला होता. मेव्ह चालत निघाली होती आणि पुढे तारेच्या कुंपणापाशी पडली होती. त्या दिवसांत दुपारचा पारा पंचेचाळिशीच्या खाली उतरला नव्हता. कॉल्मने ग्लेनिसला तिकडे जाऊ दिलं नाही.

मेव्हच्या फोनमधला नकाशा लोकांनी मिळून भरलेला होता. रस्त्याचं नाव, क्रमांक, कुणीही टाकावं. टालिंडाच्या भागातले बहुतेक रस्ते ग्लेनिसनेच भरले होते. पूल गेल्यावर तिने बी ९७ हा क्रमांक नव्या वळणरस्त्याला दिला आणि जुना रस्ता बंद दाखवला. तिच्यासारखाच नकाशा भरणाऱ्या, शहरातल्या डेस्मंड प्रुइटने ते पुसून पहिल्यासारखं केलं होतं. 'उपग्रहाच्या छायाचित्रात पूल दिसतो. फाट्यावरच्या पाटीच्या फोटोतही हा क्रमांक जुन्या रस्त्यालाच आहे. ऐकीव माहितीवर बदल करू नयेत.' ग्लेनिसने दोनदा समजावून लिहिलं. मग कोण डोकं फोडून घेणार, म्हणून नाद सोडला.

आता तिने त्याला एवढंच कळवलं, की त्या रस्त्यावर एक मुलगी मेली.

पंधरवड्याने तो टपाल कचेरीच्या दारात उभा राहिला. साठीचा, हडकुळा, उन्हाने लाल झालेला.

"मी प्रुइट."

ग्लेनिस तिकिटं लावत राहिली. "कुठल्या रस्त्याने आलात?"

"तुमच्या." तो थांबला. "मला ती जागा बघायचीय. नाही म्हणालात तर एकटा जाईन."

"नको. तुम्हालाही शोधत फिरायला लागेल."

तिच्या गाडीतून दोघं निघाले. वाटेत तो म्हणाला, "यापुढे नकाशाला हात लावणार नाही."

"बरं होईल तुमचं," ती म्हणाली. "तिचं काय?"

फाट्यापाशी पोचल्यावर तो म्हणाला, "जरा थांबवा."

खांबावर हिरवी पाटी होती. बी ९७, आणि बाण जुन्या रस्त्याकडे. अक्षरं अजून स्वच्छ वाचता येत होती.

ग्लेनिस खाली उतरली. रोज टपालाच्या थैल्या घेऊन ती इथूनच जायची. कॉल्म जायचा, सगळं गाव जायचं. पाटी वाचायची गरज कुणाला होती?

"नकाशा बरोबर असता तरी..." प्रुइट बोलू लागला.

"पुरे."

मग ग्लेनिसने डिकीतून पाना काढला. एक बोल्ट गंजला होता, तो काही केल्या हलेना. प्रुइटने तिच्या हाताशेजारी हात ठेवून जोर लावला. पाटी सुटली आणि त्याच्या पायाशी आदळली.

"हा गुन्हा आहे," तो म्हणाला.

"कॉल्मला मीच सांगणार आहे."

त्याने बॉनेटवर लॅपटॉप ठेवला. "तुम्ही सांगा, मी भरतो. कुठला रस्ता कुठे तुटलाय?"

ग्लेनिस सांगू लागली. सूर्य कलला तरी ते संपेना. नाल्यापर्यंत जायचा विषय मग दोघांनीही काढला नाही.

ग्लेनिसने सांगितल्यावर कॉल्मने पाटीबद्दल पुढे काही विचारलं नाही, रस्तेखात्याला तेवढं कळवलं. पुढच्या आठवड्यात रस्तेखात्याचे लोक आले आणि त्यांनी रिकाम्या खांबावर नवीन पाटी बसवली, बाण योग्य दिशेला. दवाखान्याला मात्र त्या वर्षी कुणी मिळालं नाही. हिवाळ्यात ग्लेनिसने त्याला कुलूप लावलं आणि किल्ली जिल्ह्याच्या कचेरीला पाठवून दिली.