हिरासिंगच्या नावचं बिल

सदाशिव मिस्त्रीचा एका आईवर तेवढा विश्वास होता, आणि आई तर कधीचीच वारली होती. फरशी बसवण्यात मात्र अख्ख्या दिग्रसात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण कापसाचा भाव पडला तशी गावोगावची बांधकामं अर्ध्यावर थांबली. फरशी घालून घेणारे उरले कोण, तर एक जिनिंगवाले शेठ. त्यांच्या नव्या ऑफिसाचं काम मिळालं तेव्हा सदाशिवला देव पावल्यासारखं झालं. हाताखाली त्याच्या एकच माणूस होता, बंजारा तांड्यावरचा हिरासिंग.

शेठचे मुनीम घनश्यामजी यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, की बिलातून टीडीएस कापून सरकारात भरला जाईल, आणि रिटर्न भरलं तर तो परतही मिळेल. सरकारात गेलेला पैसा परत आल्याचं सदाशिवच्या सात पिढ्यांत कुणी ऐकलं नव्हतं. मुनीमच मधल्या मध्ये खात असणार, असं त्यानं मनाशी पक्कं केलं. मग चहाच्या टपरीवर त्याला एक युक्ती कळली. अर्धं बिल आपल्या नावावर, अर्धं हिरासिंगच्या नावावर करायचं. रक्कम लहान झाली की कपात टळते. हिरासिंग बिचारा बरं म्हणाला. मुनीमही कुरकुरत कबूल झाले.

आणि तिथून सदाशिवची झोप उडाली. चेक हिरासिंगच्या नावानं निघणार, त्याच्या खात्यात जाणार. उद्या तो पैसे घेऊन पसार झाला तर कुणापुढं तोंड वेंगाडायचं?

हिरासिंगनं नवी चप्पल घेतली, तर ती आली कुठून? तो बायकोशी फोनवर त्यांच्या गोरबोलीत बोलताना हसला, तर नक्की आपल्यालाच. हिरासिंग पाण्याला उठला की सदाशिवही तहान लागल्यासारखा मागोमाग उठायचा. स्वतः कर चुकवायला निघालेला हा गडी जगाला चोर समजत होता. अशानं फरशीवर लक्ष कुठलं राहायला? एका खोलीचा उतार उलटा गेला, पाणी दारात साचलं, आणि शेठनं ती सगळी फरशी उखडायला लावली. दुसऱ्या दिवशी हिरासिंग निंबाखाली मुनीमांशी हळू आवाजात बोलताना दिसला, आणि सदाशिवची खात्रीच पटली.

काम संपलं, चेक मिळाला. एकच चेक, सगळा सदाशिवच्या नावाचा, आणि कर कापलेला. तो तरातरा मुनीमांकडं गेला.

"तुह्याच माणसानं येऊन सांगतलं," घनश्यामजी चष्मा पुसत म्हणाले. "म्हने, माह्या नावावर एक पैसा नोको. मिस्त्री दिवसभर माह्याच हाताकडं पाह्यते, काम बिघडून राह्यलं."

सदाशिवला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कापलेल्या पैशाचं त्याला काहीच वाटेना, याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं.

संध्याकाळी हिरासिंग अवजारं धूत बसला होता. सदाशिव त्याच्याजवळ जाऊन उगाच घुटमळला. माफी मागायची होती, पण जीभ रेटेना. शेवटी दारव्ह्याला एक काम निघालंय, येशील का, एवढंच त्यानं विचारलं.

आजवर हिरासिंगनं कधी तोंडानं मजुरी मागितली नव्हती. सदाशिव सणासुदीला जे हातावर ठेवील ते तो तसंच कमरेला खोचायचा.

"येईन ना मिस्त्री," तो खाली पाहत म्हणाला. "पन आतापासून माही रोजी रोज संध्याकाळी देत जा. मोजून."