गार आहे, हात लाव

वास आधी आला. तापलेल्या रंगाचा, किंचित गोडसर, घशाला लागणारा. मी बॉनेटवर वाकून रंगाच्या थराची जाडी मोजत होते. मान वर केली. गाडीच्या मागच्या कोपऱ्यावर दादा पॉलिशचं मशीन चालवत होता. दर दोन फेऱ्यांनी तो मशीन उचलायचा, डाव्या हाताची बोटं बंपरवर टेकवायचा, समाधानाने मान हलवायचा आणि पुन्हा मशीन लावायचा.

"दादा, थांब!"

त्याने बटण बंद केलं. "काय गं? साप निघाला का?"

"वास येतोय."

"नव्या पॅडचा असेल."

"नाही. बंपर तापलाय."

"गार आहे. हात लाव."

मी लावला आणि झटकन मागे घेतला. दादा हसला. "पुस्तकं चाळून चाळून बाईसाहेबांचे हात नाजूक झालेत." मला दाखवायला म्हणून त्याने आपली चार बोटं तिथेच टेकवली. मी मनात मोजू लागले. एक, दोन, तीन, चार, पाच. त्या जागी कुणाचाही हात दोनच्या पुढे राहिला नसता.



पत्र्याच्या भागावर आम्हाला मोजणीचा आधार असतो. थर मोजायचं यंत्र टेकवलं की कळतं, रंग किती जाड आहे, किती घासता येईल. बंपर प्लास्टिकचा. तिथे ते यंत्र मुकं होतं. शिवाय पत्रा उष्णता पसरवतो, प्लास्टिक पसरवत नाही, ती एकाच जागी साठत जाते. म्हणून आमच्याकडे नियम आहे, बाबांच्या वेळेपासूनचा: प्लास्टिकवर दर दोन फेऱ्यांनी हात लावायचा. लांबून तापमान दाखवणारं यंत्र मी गेल्या वर्षी विकत आणलं होतं. दादाने ते खिळ्याला टांगून ठेवलं. म्हणाला, "हा हात वीस वर्षांत चुकलेला नाही."

मी ते खिळ्यावरून काढून बंपरवर धरलं. अठ्ठ्याहत्तर अंश. मशीन थांबून मिनिट झालं होतं तरीही.

दादाने फडक्याने पॉलिश पुसलं. कोपऱ्याच्या धारेवर अंगठ्याच्या नखाएवढा डाग होता. वरचा पारदर्शक थर गेलेला, कडेला सुरकुत्या. मशीनचं पांढरं पॅड उलटं करून पाहिलं, तर त्यावर गाडीचा निळा रंग लागला होता.

"पॅडच खराब निघालं," दादा म्हणाला. "होतं असं. संध्याकाळी मालकीणबाई गाडी न्यायला येतील, त्याच्या आत मी हे नीट करतो. कड आधी बारीक कागदाने सपाट करू."

मला त्याच्यावर विश्वास ठेवायचा होता. पॅड खराब असू शकतं.

वॉटर पेपरचे, म्हणजे ओल्याने घासायच्या खरखरीत कागदाचे, तुकडे पाण्याच्या घमेल्यात भिजत होते. तळहाताएवढे कापल्यावर त्यांच्यावर नंबर उरत नाही. दादा ते बोटाने ओळखतो. मी पदवी घेऊन या गॅरेजमध्ये काम शिकायला लागले तेव्हा त्याने माझे डोळे बांधून मला तीन तुकडे ओळखायला लावले होते. मी चुकले की म्हणायचा, "प्रयोगशाळेत पदव्या वाटतात वाटतं, बोटं नाहीत."

त्याने घमेल्यात हात घातला. एक तुकडा घेतला, अंगठ्याने चोळला. ठेवला. दुसरा घेतला, पुन्हा चोळला. मग माझी नजर चुकवून तो उजेडाकडे धरला.

"हा," तो म्हणाला आणि खाली वाकला.

मी त्याचं मनगट धरलं. तुकडा माझ्या बोटांना लागला. तो आठशेचा होता, जाडाभरडा, जुना रंग खरवडून काढायचा. त्याने एक हात मारला असता तर नखाएवढी जखम तळव्याएवढी झाली असती.

"सोड."

"दादा, हा कुठला आहे?"

त्याने तुकडा पुन्हा अंगठ्याने चोळला आणि घमेल्यात सोडून दिला.

तेव्हा मला एकेक आठवत गेलं. वर्षभर तो बटणांचा शर्ट घालत नव्हता. "बटणं रंगाला घासतात," म्हणायचा, आणि ते खरंही होतं, म्हणून मी पुढे विचारलं नाही. चहा पिताना अंगठा एकेका बोटावर टेकवत बसायचा. मला वाटायचं, काहीतरी मोजतोय.

बाबांच्या शर्टाची बटणं शेवटची सहा वर्षं मी लावायचे. त्यांनीही आयुष्यभर असंच मशीन चालवलं होतं. ते मान उंच करून भिंतीकडे बघत उभे राहायचे, मी संपवेपर्यंत.

"कधीपासून?" मी विचारलं.

"आधी सकाळी बोटं पांढरी पडायची. चोळली की जाणीव यायची परत." त्याने बोटं मुठीत घेतली. "म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची."

"वहिनीला माहीत आहे?"

"तिला म्हटलं, बटणं रंगाला घासतात."

हसू आलं नाही, दोघांनाही.

"बाबांसारखं होईल का गं?" हे त्याने अगदी हळू विचारलं. इतकी वर्षं मला ओरडून शिकवणारा माणूस माझ्याकडे असा बघत होता, जणू उत्तर माझ्या हातात आहे. मला माहीत होतं तेवढंच मी सांगितलं. मशीनचे हादरे बोटांतल्या बारीक नसा मारतात. थांबलं तर पुढचं टळू शकतं. गेलेलं परत येईलच असं नाही. उद्या डॉक्टरकडे जायचं.

"आणि आज?"

"आज मशीन माझं."

बाईंना फोन त्यानेच केला. "गाडी परवा मिळेल. कोपरा जळलाय, माझ्या हातून," म्हणाला. पॅडचं नाव घेतलं नाही.

मी तीन हजारचा, सगळ्यात बारीक तुकडा घेतला, सुरकुतलेली कड सपाट केली, बारीक कुंचल्याने निळा रंग भरला. तो वाळेपर्यंत थांबायचं, मग पारदर्शक थर, पुन्हा थांबायचं. दादा शेजारी स्टुलावर बसून होता. "घाई नको," एवढंच अधूनमधून म्हणत होता.

रंग वाळत होता तोवर मी बॉनेट पूर्ण केलं. मशीन तासभर हातात होतं. बंद केलं तेव्हा तळव्यात मुंग्या आल्या होत्या. येतातच, प्रत्येकाला येतात.

मी दादाकडे पाठ केली. अंगठा पहिल्या बोटावर टेकवला. जाणवला. दुसऱ्यावर. तिसऱ्यावर. करंगळीवर टेकवला आणि थांबले.

पुन्हा टेकवला, जरा जोरात.