गजेंद्र सरांचं आदबशीर क्रियापद

दर्यापुरात गजेंद्र सरांच्या इंग्रजीचा दरारा होता. बसस्टँडमागे त्यांचा स्पोकन इंग्लिशचा क्लास चाले. गावात कुणाला इंग्रजीत अर्ज, आभार किंवा भांडण करायचं असलं की लोक त्यांच्याचकडे येत. चूक काढण्याइतकं इंग्रजी कुणालाच येत नसल्यामुळे सरांची आजवर एकही चूक निघाली नव्हती.

एके दिवशी गावातल्या भगवंतरावांनी त्यांना घरी बोलावलं. मुलगी रागिणीचा साखरपुडा तोंडावर आला होता, आणि वावरात सोयाबीन कापणीला. आभाळ भरलेलं, मजूर मिळेनात. साखरपुडा पुढे ढकलणं भाग होतं.

"मग फोन करून सांगा ना अकोल्याले," सर म्हणाले.

"नाई सर. व्याही, देवानंदराव, गुड मॉर्निंगबी इंग्रजीत धाडते. पोरगा पुण्याले कंपनीत हाय. आपलंबी वजन राह्यलं पायजे."

वजनाचा प्रश्न आल्यावर सरांनी चष्मा पुसला. पुढे ढकलण्यासाठी 'पुट ऑफ' त्यांच्या मनात आलं होतं, पण ते त्यांना ओबडधोबड वाटलं. पुट म्हणजे ठेवणं. पाहुण्यांना काय ठेवून देता? 'कॉल ऑफ'मध्ये कसं बोलावणं होतं, आदब होती. त्यांनी भगवंतरावांच्या फोनवर टाइप केलं, 'एंगेजमेंट कॉल्ड ऑफ.' खाली नमस्काराचे दोन हात जोडले.

चहा घेऊन आलेली रागिणी अमरावतीला इंग्रजीतच एम.ए. करत होती. भगवंतरावांनी फोन तिच्यापुढे धरला. तिनं मजकूर वाचला, मग थांबून पुन्हा वाचला.

"सर, यातला एक शब्दबी बदलू नका," ती म्हणाली आणि तिनंच मेसेज पाठवून दिला. सर घरी गेले ते छाती फुगवूनच.

दुसऱ्या दिवशी क्लास भरलेला असताना भगवंतराव दारात धापा टाकत उभे राहिले.

"सर, काय लिवलं तुमी? सोयरीक काहून मोडली म्हनून देवानंदराव इचारून राह्यले!"

सरांनी खडू घेऊन फळ्यावर कॉल म्हणजे बोलावणे असं लिहिलं. पहिल्या बाकावरच्या पायलनं मोबाईल वर केला. "सर, कॉल ऑफ म्हणजे रद्द करणे."

"अमेरिकेत असेल," सर म्हणाले. पण त्यांनी फळा पुसून टाकला. "आणि रागिणीनं पाहिलं होतं की!"

दोघं तडक भगवंतरावांच्या घरी गेले. रागिणी शांतपणे म्हणाली, "मले मालूम होतं."

"मंग बोलली काहून नाई?"

"पोरगा म्हने, परीक्षा सोड न् अकोल्याले माह्या मायजवळ राह्य. बाबा, मी तुमाले सांगतलं, आईले सांगतलं. वऱ्हाडीत सांगतलं त कोनी आयकलं नाई. इंग्रजीत गेलं तवा सारे धावले."

भगवंतराव खाटेवर बसले. तेवढ्यात देवानंदरावांचा पुन्हा फोन आला. सरांनी जन्मात पहिल्यांदा मन घट्ट केलं.

"द्या इकडे. माझी चूक झाली म्हणून मीच सांगतो."

भगवंतरावांनी लेकीकडे पाहिलं. ती खाली पाहत नव्हती. त्यांनी फोन सरांकडे न देता कानाला लावला.

"देवानंदराव, सरनं लिवलं थे बराबर हाय. नाई, भांडन नाई. पोरीले शिकाचं हाय."

चूक कबूल करायला उभे राहिलेले सर तसेच उभे राहिले. मग बसावं की जावं, हे न सुचून त्यांनी रागिणीकडे पाणी मागितलं.